बहिणीच्या सोनोग्राफीत "कॉम्प्लेक्स मास" आलंय, ओव्हरी काढायची म्हणतात. कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज

मृण्मयी_ना | १२ मे, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. आरोग्याच्या विभागात याआधी कधी लिहिलं नव्हतं पण आज झोपच येत नाहीये म्हणून लिहून राहिले. माझी लहान बहीण, वय २६, डिसेंबरमध्ये लग्न ठरलंय. दोन-तीन महिन्यांपासून तिला उजवीकडे ओटीपोटात जड जड वाटायचं, आईनं गॅस समजून ओवा आणि काळं मीठ दिलं, मध्ये बरं वाटायचं मग परत तेच. पाळी वेळेवर, वजन कमी नाही, ताप नाही. मागच्या आठवड्यात एका सेंटरवर सोनोग्राफी केली (नाव लिहीत नाही). चार ग्लास पाणी पिऊन दीड तास बाकावर बसली होती, समोर तो "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" वाला बोर्ड, बाहेर ऊन नुसतं आग ओकत होतं. आत गेली आणि दहा मिनिटांत बाहेर. रिपोर्टच्या शेवटी ठळक अक्षरात लिहिलंय "राईट ॲडनेक्सल कॉम्प्लेक्स सॉलिड-सिस्टिक मास, निओप्लास्टिक इटिऑलॉजी टु बी रूल्ड आउट", म्हणजे उजव्या ओव्हरीपाशी घट्ट भाग आणि पाणी असलेली गाठ, नवी वाढ (कॅन्सरसुद्धा) नाही ना ते तपासा.

मग सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरच्या शंकेत करतात ती रक्ततपासणी) करायला सांगितलं. ते ७८ आलं, नॉर्मल ३५ पर्यंत. डॉक्टरांनी शेवटच्या दोन ओळी वाचल्या आणि शनिवारी ॲडमिट व्हा म्हणाले, पोट उघडून उजवी ओव्हरी काढून टाकू, रिस्क नको. निओप्लास्टिक म्हणजे काय ते घरी सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. बाबा तेव्हापासून नीट जेवले नाहीत, आई देवघरात बसून रडते, आणि बहीण एकच विचारते, ताई मला पुढे मूल होईल नं? शनिवारला चार दिवस आहेत. काय करावं?

वैदर्भी | १२ मे, रात्री ११:५८

मृण्मयी, आधी पाणी पी आणि थोडं शांत हो. गाठ म्हटलं की आपल्याकडे सगळे डायरेक्ट कॅन्सरवरच जातात पण या वयात ओव्हरीच्या बहुतेक गाठी साध्याच निघतात गं. माझ्या मावसबहिणीची हॅमरेजिक सिस्ट होती, म्हणजे बीज बाहेर पडल्यावर तिथेच रक्त साचलेलं, तिच्याही रिपोर्टात कॉम्प्लेक्स लिहिलं होतं. दोन महिन्यांनी परत सोनोग्राफी केली तर गायब. इथे ते रेडिओलॉजीवाले डॉक्टर लिहितात, त्यांनी पाहिलं तर बरं होईल.

सोनोवाला_डॉक | १३ मे, सकाळी ६:५०

मी रेडिओलॉजिस्ट आहे, नागपुरातच. धाग्यावर बसून निदान करता येत नाही आणि करणारही नाही, पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगू शकतो. तुम्ही फक्त शेवटच्या ओळी लिहिल्या, तुमच्या डॉक्टरांनीही तेवढ्याच वाचलेल्या दिसतात. मला मधला परिच्छेद हवाय, ज्यात माप आणि वर्णन असतं. बहिणीचं आणि सेंटरचं नाव सोडून तो जसाच्या तसा टाइप करा. आणि सीए-१२५ चं रक्त पाळीच्या कितव्या दिवशी दिलं होतं ते तिला विचारा.

एक आत्ताच सांगून ठेवतो. अचानक जोरात कळ आली, सोबत उलट्या सुरू झाल्या तर शनिवारची किंवा कोणाच्या मताची वाट पाहू नका, रात्र असो की दिवस, सरळ इमर्जन्सीला न्या. ओव्हरीला पीळ बसला तर रक्तपुरवठा तुटतो आणि मग तासांचा हिशेब असतो. डॉपलरवर (सोनोग्राफीतच रक्तप्रवाह दाखवणारी पद्धत) रक्तप्रवाह दिसला तरी पीळ नाही असं छातीठोक सांगता येत नाही, म्हणून तिथे लक्षणं महत्त्वाची.

मृण्मयी_ना | १३ मे, सकाळी ८:१५

थँक्यू डॉक्टर, हे घ्या. "उजव्या ओव्हरीत ६.४ बाय ५.८ बाय ५.१ सेंमी मापाची गाठ. आत बारीक लो-लेव्हल इको. एका कडेला २.८ सेंमी चा हायपरइकोइक सॉलिड दिसणारा भाग, त्याच्या मागे ॲकॉस्टिक शॅडोइंग. कलर डॉपलरवर आत व्हॅस्क्युलॅरिटी नाही. डावी ओव्हरी नॉर्मल. गर्भाशय नॉर्मल. फ्री फ्लुइड नाही."

रक्त पाळीच्या दुसऱ्या दिवशी दिलं होतं. कोणी विचारलंच नाही आणि आम्हालाही माहीत नव्हतं.

सोनोवाला_डॉक | १३ मे, दुपारी २:३०

ओपीडी आत्ता संपली. सावकाश वाचा, लांब लिहितोय.

कॉम्प्लेक्स या शब्दाला घाबरू नका. सोनोग्राफीत गाठीत नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ती काळीभोर दिसते, कडा पातळ, तिला सिंपल म्हणतात. आत पाण्याशिवाय काहीही असलं, रक्त, चरबी, पडदा, घट्ट भाग, की लिहिणारा कॉम्प्लेक्स लिहून मोकळा होतो. म्हणजे हा एक शब्द निरुपद्रवी हॅमरेजिक सिस्टलाही लागतो आणि कॅन्सरलाही लागतो, आणि म्हणूनच तो कामाचा नाही. मी माझ्या ज्युनिअरना हा शब्द लिहूच देत नाही, काय दिसलं ते लिहा म्हणतो.

आता तुमच्या रिपोर्टातलं वर्णन पाहा. आयोटा नावाचा आंतरराष्ट्रीय गट १९९९ पासून फक्त याच प्रश्नावर काम करतोय, त्यांनी २००८ मध्ये साधे नियम दिले, पाच खुणा साध्या गाठीच्या आणि पाच घातक गाठीच्या. साध्याच्या खुणा म्हणजे एकच कप्पा असणं, घट्ट भाग असलाच तर ७ मिमी पेक्षा लहान असणं, गाठीच्या मागे सावली पडणं, गुळगुळीत बहुकप्पी गाठ पण १० सेंमी च्या आत असणं, आणि आत रक्तप्रवाह अजिबात नसणं. घातकच्या म्हणजे वेडीवाकडी घट्ट गाठ, पोटात पाणी, आतल्या भिंतीवर चार किंवा जास्त कोंब, १० सेंमी किंवा मोठी वेडीवाकडी बहुकप्पी-घट्ट गाठ, आणि खूप जोराचा रक्तप्रवाह. नुसत्या साध्या खुणा असतील तर गाठ साधी धरायची, नुसत्या घातक असतील तर घातक, दोन्हीकडच्या असतील किंवा एकही नसेल तर नियम गप्प बसतात आणि अनुभवी माणसाला दाखवायचं. तुमच्या कागदावर सावली (ॲकॉस्टिक शॅडोइंग) आहे आणि रक्तप्रवाह (व्हॅस्क्युलॅरिटी) नाही, म्हणजे साध्याच्या दोन खुणा. घातकची एकही लिहिलेली नाही. वर्णन बरोबर असेल तर त्या कागदाच्या मधल्या परिच्छेदाचं आणि शेवटच्या ओळीचं एकमेकांशी जुळत नाहीये.

पांढरा (हायपरइकोइक) भाग आणि त्याच्या मागे सावली, हे वाचून माझ्या डोक्यात पहिलं नाव डर्मॉइडचं येतं. तरुण मुलींमध्ये अगदी नेहमी दिसणारी गाठ आहे. बीजपेशीपासून तयार होते म्हणून आत चरबी, केस, कधी हाड किंवा दातसुद्धा असतो. घरच्यांना हे सांगताना नीट सांगा नाहीतर घाबरतात, काही लोक भलतंसलतं समजतात. त्यात कोणाचा दोष नाही, जन्मापासूनच्या पेशी असतात. सोनोग्राफीत केस बारीक रेघा आणि ठिपक्यांसारखे चमकतात, आणि चरबी-केसांचा गोळा इतकी सावली पाडतो की गाठीचं नुसतं वरचं टोक दिसतं, बाकीचं खाली लपतं. घाईत पाहणारा त्याला आतड्यातला गॅस समजून सोडूनही देतो किंवा घट्ट मास लिहून मोकळा होतो.

सीए-१२५ बद्दल. हे प्रोटीन पाळीत वाढतं, एंडोमेट्रिऑसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार) वाढतं, फायब्रॉइड (गर्भाशयाची साधी गाठ), गर्भारपण, ओटीपोटातलं इन्फेक्शन, यकृताचा आजार यातही वाढतं, आणि आपल्याकडे एक विसरायचं नाही ते म्हणजे पोटाचा टीबी, त्यात तर हा आकडा शेकड्यांत जातो आणि पोटात पाणीही होतं, हुबेहूब कॅन्सरसारखं चित्र. १९९० पासून एक हिशेब वापरतात, सोनोग्राफीचे गुण गुणिले पाळीचे गुण गुणिले सीए-१२५. बहिणीचं पाहा, घट्ट भाग धरून सोनोग्राफीचा १, पाळी चालू म्हणून १, म्हणजे ७८. २०० च्या वर गेलं की चिंता. हाच कागद पाळी गेलेल्या बाईचा असता तर १ च्या जागी ३ आले असते आणि उत्तर झालं असतं २३४. आकडा तोच, वय बदललं की अर्थ बदलतो. नुसतं ७८ बघून कोणी २६ वर्षांच्या मुलीची ओव्हरी काढायला निघत असेल तर थांबवा आणि दुसरं मत घ्या. या कामात ज्याचा हात बसलाय अशा माणसाकडून परत सोनोग्राफी करा, घाईत नको.

अनघा_०७ | १३ मे, दुपारी ४:०५

डॉक्टरांनी किती छान समजावलं. माझं सांगते. मला ३१ व्या वर्षी डावीकडे ५ सेंमी ची गाठ, सीए-१२५ होतं १४०. दर पाळीला इतकं दुखायचं की ऑफिसमध्ये खुर्चीवर वाकून बसायचे आणि सगळे म्हणायचे बायकांना दुखतंच. माझी निघाली चॉकलेट सिस्ट म्हणजे एंडोमेट्रिओमा. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं होतं, गाठीच्या आत एकसारखं धुरकट, बाथरूमच्या दुधी काचेतून बघितल्यासारखं. म्हणाल्या जुनं रक्त साचून असं दिसतं. तुझ्या बहिणीला पाळीत खूप दुखतं का ते विचार, आणि सोनोग्राफीवाल्यांना सांग. सांगितल्याशिवाय ते विचारत नाहीत.

बुटीबोरीकर | १३ मे, सायंकाळी ७:२०

एक सिटी स्कॅन करून टाका ना, सगळं क्लिअर होते. आणि आमच्या ओळखीच्या एका बाईचं सुईनं पाणी काढलं होतं, ऑपरेशनच नाही लागलं. तेही विचारून पाहा.

सोनोवाला_डॉक | १३ मे, रात्री ९:१०

भाऊ, तुमची कळकळ समजते पण दोन्ही सल्ले इथे नकोत. सिटीत रेडिएशन आहे, २६ वर्षांच्या मुलीच्या ओटीपोटावर विनाकारण कशाला द्यायचं. चरबी आणि कॅल्शियम सिटीत लगेच ओळखू येतं हे खरं, आणि आजार पोटात पसरलाय का हे बघायला सिटी चांगला. पण गाठ साधी की नाही हे ठरवायला आधी सोनोग्राफी, अडलं तर एमआरआय, दोन्हीत रेडिएशन नाही.

सुईचं तर नावच काढू नका. डर्मॉइड फुटून आतला तेलकट माल पोटात सांडला तर आतलं आवरण सुजतं, चिकटून बसतं. आणि चुकून गाठ घातक निघाली तर सुईनं आपणच ती पसरवलेली असते. साध्या सिस्टचंसुद्धा पाणी काढलं तरी परत भरतं.

मृण्मयी_ना | १४ मे, सकाळी ९:००

अनघा, पाळीत तिला फार दुखत नाही, विचारलं. डॉक्टर, एक अवघड प्रश्न. परत सोनोग्राफी म्हणजे आतून करतात ती का? तिचं लग्न व्हायचंय, आई म्हणते चालणारच नाही, आणि ती स्वतःही घाबरलीये.

सोनोवाला_डॉक | १४ मे, दुपारी १:४५

यात अवघड काही नाही, रोज कोणी ना कोणी विचारतं. आतल्या प्रोबला (सोनोग्राफीचं हातात धरायचं यंत्र) चित्र जास्त स्पष्ट येतं कारण तो ओव्हरीच्या अगदी जवळ जातो. पण तिची तयारी नसेल तर कोणी जबरदस्ती करू शकत नाही, नाही म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे. पोटावरून करा, लघवीची पिशवी नीट भरलेली हवी, कारण तीच खिडकीचं काम करते, आतडी बाजूला सारते. इतकीही नको की ताणानं जीव जाईल आणि मुलगी नीट झोपूही शकणार नाही. ६ सेंमी ची गाठ पोटावरूनही बऱ्यापैकी दिसते. तरीही शंका राहिली तर एमआरआय आहेच. निर्णय तिचा, आईचा नाही आणि माझाही नाही.

प्रशांत_खामला | १४ मे, रात्री ८:३०

धागा हायजॅक करत नाही पण माझ्या आईचं विचारतो. वय ६३, पाळी जाऊन बारा वर्षं झाली, किडनी स्टोनसाठी सोनोग्राफी केली त्यात डाव्या ओव्हरीत ४ सेंमी ची सिस्ट दिसली. आत स्वच्छ पाणी, भिंत पातळ, पडदे नाही, रक्तप्रवाह नाही, सीए-१२५ ११. रिपोर्टात ओ-रॅड्स २ लिहिलंय. घरात दोन मतं, मी म्हणतो काढून टाका.

सोनोवाला_डॉक | १४ मे, रात्री १०:००

प्रशांतजी, ओ-रॅड्स ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची श्रेणी आहे, सोनोग्राफीसाठी २०२० मध्ये आली. २ म्हणजे कॅन्सरची शक्यता १ टक्क्याहून कमी. ३ म्हणजे १ ते १० टक्के, ४ म्हणजे १० ते ५० टक्के, ५ म्हणजे ५० च्या वर. आईच्या वयात ३ सेंमी च्या वरची साधी सिस्ट असेल तर वर्षभरानं परत बघतात, वाढली किंवा आत काही नवीन दिसलं तरच पुढचं. ६३ व्या वर्षी भूल आणि ऑपरेशन हीसुद्धा जोखीमच असते, ती कुठेतरी मांडायला हवी. तारीख लिहून ठेवा आणि शक्यतो त्याच ठिकाणी करा म्हणजे जुनी मापं समोर राहतात. पोट फुगणं, भूक लवकर भागणं असं काही सलग वाटलं तर मात्र वर्ष थांबायचं नाही.

मृण्मयी_ना | १७ मे, रात्री ९:२५

अपडेट. शनिवारचं ॲडमिशन आम्ही घेतलं नाही. बाबांनी स्वतः फोन करून सांगितलं, आवाज थरथरत होता पण सांगितलं.

धंतोलीत एका सिनियर रेडिओलॉजिस्टकडे गेलो. तिला २५ मिनिटं आत ठेवलं. मला सोबत बसू दिलं. आधी त्यांनी तिच्याशी बोलून घेतलं, कधीपासून दुखतं, पाळी कशी, मग पोटावरूनच केलं. प्रोब एका जागी ठेवून हळूच दाबायचे आणि स्क्रीनकडे बघायचे, गाठ आजूबाजूच्या भागावरून सरकते की चिकटलेली आहे ते बघतोय म्हणाले. मग तिला कुशीवर वळायला लावलं आणि परत बघितलं. मग मला बोलावून दाखवलं. डॉक्टर तुम्ही लिहिलं होतं ना केसांच्या रेघा, अगदी तेच, करड्या रंगात बारीक पांढऱ्या रेघा आणि ठिपके, आणि कडेला पांढरा गोळा ज्याच्या खाली एकदम काळोख. रंगीत डॉपलर लावलं तर गाठीच्या बाहेर लाल-निळं चमकत होतं, आत काहीच नाही.

रिपोर्ट दोन पानी आहे. कॉम्प्लेक्स शब्द कुठेच नाही. शेवटी "डर्मॉइडची ठराविक लक्षणं, ओ-रॅड्स २". पण मागची बाजू सावलीमुळे पूर्ण दिसत नाही आणि ओव्हरीचा चांगला भाग किती उरलाय हे सर्जनला कळलेलं बरं, म्हणून एमआरआय सुचवलाय. त्याचं कारणही लिहिलंय. बहीण बाहेर येऊन म्हणाली ताई पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी बोललं.

वैदर्भी | १७ मे, रात्री ९:५०

वाचून डोळ्यात पाणी आलं गं. काकांना सांग, खूप हिमतीचं काम केलं त्यांनी.

मृण्मयी_ना | २३ मे, सायंकाळी ६:१०

एमआरआय झाला. पुढे कोणाला लागला तर माहीत असावं म्हणून लिहिते. चार तास उपाशी यायला सांगितलं होतं, कॉन्ट्रास्टसाठी (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) आधी क्रिएटिनिन म्हणजे किडनीची रक्ततपासणी केली. चमकी, कानातले, ओढणीची पिन, केसातल्या क्लिपा सगळं काढायला लावलं. आतडी हलू नयेत म्हणून एक इंजेक्शन दिलं, चित्र हललेलं येत नाही म्हणे. आत खूप थंड आणि मशीनचा ठकठक आवाज, कानात बोळे देतात. हातात एक रबरी गोळा दिला होता, घाबरलं की दाबायचा. तिनं दाबला नाही.

रिपोर्ट देताना मॅडमनी दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. पहिल्यात गाठीतला भाग पांढराशुभ्र. दुसरं चित्र तसंच पण त्यात मशीननं चरबीचा सिग्नल दाबलेला, तर तोच भाग काळा पडला. म्हणाल्या रक्त असतं तर दोन्हीत पांढरंच राहिलं असतं, काळं पडलं म्हणजे चरबी, म्हणजे डर्मॉइड. मला फिजिक्स कळत नाही पण ते दोन फोटो बघून बाबांनासुद्धा कळलं. गाठीच्या खाली ओव्हरीचा चांगला भाग चंद्रकोरीसारखा दाबून बसलेला दिसतो, त्यात बीजं दिसतात. बहिणीनं त्या चंद्रकोरीवर बोट ठेवून विचारलं, ही माझी ओव्हरी?

अनघा_०७ | २३ मे, सायंकाळी ६:४०

माझ्या एमआरआयमध्ये उलटं होतं, दोन्ही चित्रांत पांढरंच राहिलं होतं. तेव्हा कोणी सांगितलं नाही, आज कळलं का ते. मृण्मयी, सीडी आणि फिल्म दोन्ही जपून ठेव, नुसता कागद नको.

सोनोवाला_डॉक | २३ मे, रात्री १०:३०

छान काम झालंय. आता गायनॅकना स्पष्ट विचारा, दुर्बिणीनं फक्त गाठ सोडवून ओव्हरी राखता येईल का. डर्मॉइडमध्ये सहसा तसंच करतात. ६ सेंमी, त्रास आहे, आणि पीळ बसायची भीती, म्हणून काढणं योग्य, पण घाई नाही, तारीख तिच्या सोयीनं ठरवा. गाठ पोटात पिशवीत घालून बाहेर काढतात का तेही विचारा. आणि दुसऱ्या ओव्हरीकडे लक्ष ठेवायचं, साधारण दहातल्या एकीला दोन्हीकडे असतात.

थोडं विषयांतर. १९५८ मध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी पोटाच्या सोनोग्राफीवरचा पहिला मोठा लेख लॅन्सेटमध्ये छापला, त्यात एका बाईची केस होती जिला पोटाचा असाध्य कॅन्सर सांगून मोकळे झाले होते. त्यांनी त्या अवाढव्य मशीननं पाहिलं तर ती ओव्हरीची पाण्याची मोठी गाठ. काढली आणि बाई बरी झाली. आमच्या विषयाची सुरुवातच ही. रात्री उशिरा रिपोर्ट टाइप करताना मला ती बाई आठवते.

मृण्मयी_ना | १९ जून, रात्री ८:५५

शेवटचं अपडेट. दुसऱ्या एका गायनॅक मॅडमकडे मागच्या आठवड्यात दुर्बिणीनं ऑपरेशन झालं, तीन छोटी छिद्रं. बाहेर धो धो पाऊस, मृग यंदा वेळेवर लागला. मॅडमनी बाहेर येऊन मोबाइलवर फोटो दाखवला, पिवळट तुपासारखं आणि त्यात काळ्या केसांचा गुंता. आई बघून मागे सरकली पण मग तिनंच परत मागून पाहिला. ओव्हरी जागेवर आहे. डावी पण नॉर्मल.

आज बायोप्सी आली, मॅच्युअर सिस्टिक टेराटोमा म्हणजे डर्मॉइडच, कच्च्या पेशी कुठेच नाहीत. बहिणीनं रिपोर्ट हातात घेतला आणि आधी मधला परिच्छेद वाचला, मग शेवटची ओळ. मग फाईलमध्ये पहिल्या सेंटरच्या कागदाच्या वर लावला. पुढची सोनोग्राफी डिसेंबरात, लग्नाच्या आधी तिनंच तारीख घेतलीय.

प्रशांत_खामला | १९ जून, रात्री ९:२०

अभिनंदन ताई, बहिणीला आशीर्वाद. आईच्या फाईलवर मी पुढच्या मे ची तारीख लाल पेननं लिहून ठेवलीये, आणि घरात आता एकच मत आहे.